खटला अर्धा, मुदत पूर्ण: युद्धगुन्ह्यांच्या न्यायाधीशांना मुदतवाढ द्यावी का?

जुनी पानं

गेले काही महिने रोज रात्री थोडं थोडं करून हेगच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाची, म्हणजे युगोस्लाव्हियातल्या युद्धांतले गुन्हे चालवायला संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने उभारलेल्या न्यायालयाची, कागदपत्रं वाचतेय. निकालपत्रं, सुनावणीचे शब्दशः उतारे आणि मधे मधे सुरक्षा परिषदेचे ठराव. त्यातल्या एका ठरावापाशी अडकले, म्हणून हा धागा.

ठराव क्र. ११२६, तारीख २७ ऑगस्ट १९९७. अगदी लहानसा आहे. मतितार्थ इतकाच, की कारिबी-व्हाइट (नायजेरिया), ओडिओ बेनितो (कोस्टा रिका) आणि साद सऊद जान (पाकिस्तान) या तीन न्यायाधीशांची मुदत नोव्हेंबरमध्ये संपत असली तरी त्यांनी सुरू केलेला चेलेबिची खटला त्यांनीच पुरा करावा. न्यायाधीश चार वर्षांसाठी निवडलेले होते. पहिली तुकडी नोव्हेंबर १९९३ मध्ये रुजू झाली, म्हणजे नोव्हेंबर १९९७ मध्ये त्यांची मुदत संपणार. नव्या निवडणुकीनंतरच्या यादीत हे तिघे नव्हते. आणि खटला तर मार्च १९९७ मध्येच उभा राहिलेला.

चेलेबिची ही मध्य बोस्नियातली, कोन्यिचजवळची छावणी. १९९२ मध्ये तिथे बोस्नियन सर्ब लोकांना डांबून ठेवलं होतं. मारहाण, खून, बलात्कार. दोन स्त्रियांनी न्यायालयात येऊन आपल्यावर काय गुदरलं ते सांगितलं आणि त्या निकालात या न्यायाधिकरणाने बलात्काराला छळ म्हणून शिक्षा दिली. आता कल्पना करा, त्या साक्षी झाल्या, उलटतपासण्या झाल्या आणि नोव्हेंबरात कुणीतरी म्हटलं, "मुदत संपली, तिघेही घरी जा, नवे तिघे येतील, पहिल्यापासून सुरू करा." त्या बाईने ते सगळं पुन्हा सांगायचं? पुन्हा त्याच वकिलांच्या प्रश्नांना तोंड द्यायचं?

सुदैवाने तसं झालं नाही. निकाल १६ नोव्हेंबर १९९८ रोजी लागला, मुदतीनंतर एक वर्षाने. पण मला त्रास होतो तो याचा, की हे सुदैवावर सोपवलेलं होतं. न्यायाधिकरणाच्या संविधीत, म्हणजे त्याच्या स्थापनेच्या नियमपत्रात, "मुदत संपली तरी सुरू केलेला खटला पुरा करा" अशी ओळच नव्हती. परिषदेने होकार दिला म्हणून निभावलं.

माझं मत सांगून टाकते. अर्धवट ऐकलेल्या खटल्यासाठी मुदतवाढ मिळालीच पाहिजे. पण ती आधीपासून नियमात लिहिलेली असावी, दरवेळी राजकीय मंडळाकडून मागून आणलेली नसावी. तुम्हाला काय वाटतं?

दुसरी बाजू

विषय चांगला काढलात, पण मी पुरता सहमत नाही.

मुदत हे न्यायाधीशावरचं बंधनही असतं. चार वर्षं म्हणजे चार वर्षं, हे आधीपासून ठाऊक असतं. खटला किती लांबेल याचा अंदाज खंडपीठाला नसतो का? वाढ मिळतेच हे एकदा कळलं की घाई कशाला करायची? या न्यायाधिकरणाचा इतिहास पाहा. २००३ चा ठराव १५०३ सांगतो: २००४ अखेर तपास संपवा, २००८ अखेर पहिल्या टप्प्यातले खटले, २०१० मध्ये सगळं काम. प्रत्यक्षात दरवाजे बंद झाले ३१ डिसेंबर २०१७ रोजी. मधल्या काळात जवळजवळ दरवर्षी डिसेंबरच्या आसपास मुदतवाढीचा ठराव ठरलेला. रशिया अशा ठरावांवर अनेकदा तटस्थ राहिला. त्यांचे हेतू वेगळे असतील, पण "हे कधी संपणार" हा प्रश्न मला चुकीचा वाटत नाही.

आणि आरोपीचं काय? रुआंडातल्या १९९४ च्या वंशसंहाराचे खटले चालवणाऱ्या रुआंडा न्यायाधिकरणातले आरोपी काझिमिर बिझिमुंगु १९९९ मध्ये पकडले गेले, सप्टेंबर २०११ मध्ये निर्दोष सुटले. बारा वर्षं कोठडीत, आणि शेवटी निर्दोष. न्यायाधीशांच्या मुदती वाढत गेल्या, तशी त्यांची कोठडीही वाढत गेली.

लेखणी

मी वकिली करते, फौजदारी बाजूला. आंतरराष्ट्रीय कायदा माझा रोजचा विषय नाही, पण मधेच न्यायाधीश बदलणं काय असतं ते अनुभवलंय. एका प्रकरणात मुख्य साक्षीदाराची साक्ष एका न्यायाधीशांपुढे झाली होती. प्रश्न ऐकल्यावर तो किती वेळ गप्प बसला, कुठे त्याचा आवाज फुटला, हे त्यांनी पाहिलं होतं. निकाल लिहिला दुसऱ्यांनी. त्यांच्यापुढे होता कागद, आणि कागदावर फक्त शब्द होते. निकाल चुकला असं मी म्हणणार नाही. पण त्या साक्षीदाराला नवे न्यायाधीश ओळखत नव्हते, एवढं खरं.

दुसरी बाजू, तुमचा बिझिमुंगुंचा मुद्दा मनापासून पटतो. पण त्या विलंबाचं मूळ न्यायाधीशांच्या मुदतवाढीत आहे का? एका खटल्यात चार माजी मंत्री एकत्र, शेकडो साक्षीदार, दुसऱ्या देशातून आणायचे, भाषांतर करायचं. वाढ नाकारली असती तर ते लवकर सुटले असते असं नाही. खटला पुन्हा पहिल्या पानावर गेला असता.

उलट उदाहरण त्याच न्यायाधिकरणात आहे. मे २००३ चा ठराव १४८२. चार न्यायाधीशांना मुदतीनंतर ठरावीक खटले पुरे करायची परवानगी मिळाली. डोलेंक आणि ऑस्ट्रोव्स्की यांना च्यांगुगु खटला, नवी पिल्ले यांना प्रसारमाध्यमांचा खटला, आणि माकुटु यांना कजेलिजेली आणि कमुहांडा. पण माकुटु बुतारे खटल्याच्या पीठावरही होते आणि बुतारेसाठी वाढ नव्हती. तो खटला जून २००१ पासून चालू होता, सहा आरोपी, साक्षी नोंदवणं सुरू झालेलं. उरलेल्या दोघांनी ठरवलं की नवा न्यायाधीश घेऊन पुढे जायचं. आरोपी अपिलात गेले, अपील खंडपीठाने तो निर्णय कायम ठेवला आणि युगांडाच्या सोलोमी बालुंगी बोसा पीठावर आल्या. झालेल्या साक्षींचं रेकॉर्ड वाचून-पाहून घ्यावं लागलं.

त्या खटल्याचा निकाल लागला जून २०११ मध्ये. दहा वर्षं. रुआंडाच्या माजी मंत्री पोलीन न्यिरामासुहुको यांना जन्मठेप झाली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने वंशसंहारासाठी दोषी धरलेली ती पहिली स्त्री. आणि २०१५ मध्ये अपिलात शिक्षा ४७ वर्षांवर आली, त्यामागे अवाजवी विलंबाने झालेला हक्कभंग हेही एक कारण होतं. हा सगळा विलंब माकुटुंच्या जाण्याने झाला असं मी म्हणत नाही. पण वाढ न दिल्याने वेळ वाचला नाही, हे त्यावरून दिसतं.

काठावरचा

२०१० मध्ये कामानिमित्त हेगला होतो, तेव्हा एक दिवस बोस्नियन सर्बांचा युद्धकाळातला नेता कराडझिच याच्या सुनावणीला प्रेक्षक सज्जात बसलो होतो. इमारत पूर्वी विमा कंपनीची. सज्जा आणि न्यायालय यांच्यामध्ये जाड काच, कानाला हेडफोन. साक्षीदाराला संरक्षण असेल तर काचेमागचे पडदे खाली येतात आणि मग आपण फक्त एका बंद पडद्याकडे बघत बसतो.

मला आठवतं ते असं, की लाल-काळ्या झग्यातले न्यायाधीश मोजले तर चार भरले. खंडपीठ तिघांचं असतं हे मला माहीत होतं. शेजारच्या विद्यार्थ्याला विचारलं, तो म्हणाला, चौथे राखीव. इटलीच्या फ्लाव्हिया लात्तांझी. रोज येतात, सगळं ऐकतात, तिघांपैकी कुणी आजारी पडलं किंवा गेलं तर त्या जागी बसतात.

तेव्हापासून मला वाटतं की खरं उत्तर हेच आहे. मुदतवाढीवर भांडण्यापेक्षा मोठ्या खटल्यात पहिल्या दिवसापासून चौथा माणूस बसवा.

शब्दशः

काठावरचा, राखीव न्यायाधीशांची तरतूद न्यायाधिकरणात यायला २००६ चा ठराव १६६० लागला, स्थापनेनंतर तेरा वर्षं. प्रलिच खटल्यातही असेच राखीव न्यायाधीश होते, कांगोचे अँत्वान मिंदुआ. नवल म्हणजे ही कल्पना जुनी होती. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात न्युरेंबर्गला १९४५ मध्येच चार न्यायाधीश आणि प्रत्येकाला एक पर्यायी, असे आठ जण बसले होते. टोकियोला तसं नव्हतं. तिथे अमेरिकेचे न्यायाधीश हिगिन्स १९४६ मध्ये सोडून गेले आणि त्यांच्या जागी क्रेमर आले, तोवर सुनावणी सुरू झालेली होती. १९९३ मध्ये संविधी लिहिताना न्युरेंबर्ग समोर होतं, तरी ही सोय राहून गेली.

पण राखीव न्यायाधीशानेही मुदतीचा प्रश्न सुटत नाही, कारण त्यांचीही मुदत संपतेच. आजार, मृत्यू, राजीनामा यासाठी तो उपाय आहे, कॅलेंडरसाठी नाही.

आजाराचं उदाहरण सगळ्यांना ठाऊक असेल. सर्बियाचा माजी राष्ट्राध्यक्ष मिलोशेविच याचा खटला फेब्रुवारी २००२ मध्ये सुरू झाला. पीठाचे अध्यक्ष रिचर्ड मे. अभियोग पक्षाचं म्हणणं संपत आलं आणि २००४ च्या सुरुवातीला मे यांनी प्रकृतीमुळे पद सोडत असल्याचं कळवलं. त्याच वर्षी १ जुलैला ते वारले. त्यांच्या जागी स्कॉटलंडचे बॉनॉमी आले. दोन वर्षांच्या सुनावणीचं रेकॉर्ड त्यांनी वाचून काढलं आणि ऑगस्टअखेर बचाव पक्षाचं काम सुरू झालं. ११ मार्च २००६ रोजी मिलोशेविच कोठडीत मरण पावला. चार वर्षं, शेकडो साक्षीदार, आणि निकाल नाही.

मी भाषांतराचं काम करते, त्यामुळे हे उतारे वाचताना माझं लक्ष वेगळ्या ठिकाणी जातं. साक्षीदार आपल्या भाषेत बोलतो, दुभाषा बोलतो, लघुलेखक टंकतो. "[साक्षीदार रडते]" असं कुठेही लिहिलेलं नसतं. फार तर न्यायाधीशाचं वाक्य असतं, "आपण थोडा वेळ थांबूया का?" उताऱ्यात एवढंच उरतं. जो न्यायाधीश त्या खोलीत होता, त्याला त्या वाक्याचा अर्थ कळतो.

दुसरी बाजू

लेखणी, बुतारेचा तपशील माहीत नव्हता, आभार. मुदतवाढ नाकारली की वेळ वाचतो असं म्हणत होतो, ते मागे घेतो.

पण एक गोष्ट सोडवत नाही. चेलेबिचीचाच पुढचा भाग कुणी सांगितला नाही. अपिलात आरोपी लांझो याने तक्रार केली की पीठाचे अध्यक्ष कारिबी-व्हाइट सुनावणीत झोपत होते. अपील खंडपीठाने चित्रफिती पाहिल्या. खटल्याचा मोठा भाग ते झोपले होते हे सिद्ध झालं नाही, पण अधूनमधून थोडा थोडा वेळ त्यांचं भान नसल्यासारखं वागणं पुन्हा पुन्हा दिसलं, ते योग्य म्हणता येणार नाही, असं खंडपीठाने नोंदवलं. त्याने आरोपीचं नुकसान झालं हे दिसत नाही म्हणून अपिलाचा तो मुद्दा फेटाळला. २० फेब्रुवारी २००१ चा निकाल.

ज्या न्यायाधीशांना मुदतीनंतर थांबवून घेतलं, त्यांच्यापैकीच एकाबद्दल हे नोंदलं गेलं. वाढ आपोआप मिळणार असेल, तर असा न्यायाधीशही आपोआप थांबणार. बाहेरून कुणी विचारणारं नको का?

जुनी पानं

हा मुद्दा मी टाळणार नाही. तो भाग वाचताना मलाही वाईट वाटलं. साक्षीदार जिवावर उदार होऊन बोलायला येते आणि समोरचा पेंगतोय.

पण त्यावर उपाय मुदत नाही. पेंगणारा न्यायाधीश पहिल्या वर्षीही पेंगतो. त्याला बाजूला करायची वाट वेगळी हवी: तक्रार, चौकशी, राखीव न्यायाधीश. मुदत संपली की सगळेच जातात, जागे असलेलेही.

आता दुसरं. बाहेरच्या कुणीतरी विचारावं म्हणता. विचारणारा कोण, हे बघावं लागतं. चेलेबिचीच्या आरोपींनी आणखी एक आक्षेप घेतला होता, ओडिओ बेनितोंबद्दल. खटला चालू असताना त्या कोस्टा रिकाच्या उपाध्यक्षपदी निवडून आल्या आणि मे १९९८ मध्ये त्यांनी शपथ घेतली. सहकारी न्यायाधीशांनी आधीच पाहून ठेवलं होतं की खटला संपेपर्यंत त्या त्या पदाचं काम हाती घेणार नाहीत, आणि तेच घडलं. अपिलातही आक्षेप टिकला नाही. मला यात दोन गोष्टी दिसतात. न्यायाधीशांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न न्यायाधीशांनीच तपासला, आणि आरोपीला अपिलात त्यावर बोलता आलं. सुरक्षा परिषदेच्या ठरावावर आरोपी कुठे बोलणार?

मनमोकळा

आकाय यांचं उदाहरण इथे आलंच पाहिजे.

दोन्ही न्यायाधिकरणं बंद होताना उरलेल्या कामासाठी एक अवशिष्ट यंत्रणा उभी केली, डिसेंबर २०१० चा ठराव १९६६. तिथे २५ न्यायाधीशांची यादी असते. बहुतेक जण आपापल्या देशात राहतात आणि काम पडेल तेवढ्या दिवसांचंच मानधन घेतात. पहिल्या निवडणुकीनंतरची फेरनेमणूक महासचिव करतात.

तुर्कस्तानचे आयदिन सेफा आकाय त्यातले एक. रुआंडाच्या न्गिराबात्वारे या आरोपीच्या पुनर्विलोकन अर्जावरच्या पाच जणांच्या पीठावर ते होते. सप्टेंबर २०१६ मध्ये, तिथल्या फसलेल्या बंडानंतरच्या धरपकडीत, त्यांना अटक झाली. यंत्रणेचे अध्यक्ष थिओडोर मेरॉन यांनी जाहीर निषेध केला. जानेवारी २०१७ मध्ये यंत्रणेने त्यांना सोडून देण्याचा आदेश तुर्कस्तानला दिला. पुनर्विलोकनाचं काम तिथेच अडकून राहिलं. जून २०१७ मध्ये शिक्षा सुनावून अपिलापर्यंत त्यांना सोडलं. आणि २०१८ मध्ये मुदती संपल्या तेव्हा बाकीच्यांची फेरनेमणूक झाली, आकाय यांची झाली नाही.

दोन दोन वर्षांच्या मुदती आणि प्रत्येक वेळी वरच्याकडून होकार, यातून हेच निघतं. ज्याला आपली पुढची मुदत कुणाच्या तरी हातात आहे हे माहीत आहे, तो न्यायाधीश कितीही ताठ असला तरी ओझं त्याच्या पाठीवर असतंच. म्हणून दुसरी बाजू म्हणतात ते "बाहेरून विचारणारं कुणी" मला धोक्याचं वाटतं.

लेखणी

मनमोकळा, अगदी बरोबर. इथे दोन शब्द वेगळे ठेवूया, नाहीतर गोंधळ होतो. फेरनिवड किंवा फेरनेमणूक म्हणजे नवी मुदत, नवे खटले. मुदतवाढ म्हणजे सुरू केलेला एवढाच खटला संपवणं. पहिलीत मेहेरबानीला जागा आहे. दुसरीत नसावी.

हे वेगळेपण आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत स्वच्छ लिहिलंय. न्यायाधीश १८, मुदत ९ वर्षं, फेरनिवड नाही. आणि कलम ३६ च्या शेवटी: ज्या खटल्याची किंवा अपिलाची सुनावणी सुरू झाली आहे ती पुरी होईपर्यंत न्यायाधीश पदावर राहतील. कुणाला पत्र पाठवायचं नाही, कुणाचं मत घ्यायचं नाही.

पहिल्याच खटल्यात ते कामी आलं. लुबांगा खटला, काँगोतल्या बालसैनिकांचा, जानेवारी २००९ मध्ये सुरू झाला. पीठावरचे बोलिव्हियाचे ब्लाटमन यांची मुदत मार्च २००९ मध्ये संपत होती. ते थांबले ते निकालापर्यंत, तीन वर्षं. निकाल १४ मार्च २०१२ रोजी आला, आणि तोवर दुसऱ्या एका न्यायाधीशांची मुदत संपून आठवडाही झाला नव्हता. त्यांनी त्या निकालाला आपलं भिन्नमत जोडलं, की मुलींवर झालेले लैंगिक अत्याचार "सैनिक म्हणून वापर" या कल्पनेतच धरायला हवेत. त्या न्यायाधीश कोण? एलिझाबेथ ओडिओ बेनितो. चेलेबिचीवाल्याच.

जुनी पानं

लेखणी! हे दोन धागे मी जोडलेच नव्हते. एकाच बाईंच्या वाट्याला हे दोनदा आलं, पंधरा वर्षांच्या अंतराने. पहिल्यांदा ठरावाच्या होकाराने, दुसऱ्यांदा कलमाच्या आधाराने.

दुसरी बाजू

मग रोम संविधीतलंही एक सांगतो. कलम असलं की सगळं नीट होतं असं नाही. काँगोतल्या बंडखोर गटाचा सेनानी न्टागांडा याच्या खटल्यातल्या जपानच्या कुनिको ओझाकी. त्यांची मुदत मार्च २०१८ मध्ये संपली, त्या खटल्यासाठी थांबल्या. सुनावणी संपून निकाल लिहिणं चालू असताना २०१९ च्या सुरुवातीला त्यांची एस्टोनियात जपानच्या राजदूत म्हणून नेमणूक झाली. न्यायाधीशांच्या बहुमताने त्याला हरकत घेतली नाही, बचाव पक्षाने घेतली. शेवटी त्यांनी राजदूतपद सोडलं. निकाल जुलै २०१९ मध्ये आला.

आता ओडिओ बेनितोंशी ताडून बघा. त्या पदभार न घेता थांबल्या. ओझाकींनी पद घेतलं आणि मग सोडलं. वाढीव मुदतीतला न्यायाधीश दोन डगरींवर पाय ठेवून असतो: इकडचं काम संपत नाही, तिकडचं आयुष्य सुरू झालेलं असतं. म्हणून माझा आग्रह असा, की कलमात वाढ आपोआप द्या, पण त्यासोबत अट घाला. वाढीच्या काळात स्वतःच्या सरकारचं कोणतंही पद नाही. हे मान्य असेल तर मी तुमच्या बाजूला आलो.

जुनी पानं

मान्य. अक्षरशः मान्य. हे आधी सुचायला हवं होतं.

काठावरचा

मुदतीआधी न्यायाधीश गेला तर काय होतं, हे सर्बियन राजकारणी शेशेल्य याच्या युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणातल्या खटल्यात सगळ्यात ठळक दिसतं. तो २००३ मध्ये हजर झाला, खटला २००७ मध्ये सुरू झाला, अंतिम युक्तिवाद मार्च २०१२ मध्ये संपले. निकालाची तारीख ठरली, ३० ऑक्टोबर २०१३. आणि त्या ऑगस्टमध्ये डेन्मार्कचे न्या. हारहॉफ यांना एका फुटलेल्या खासगी पत्रामुळे अपात्र ठरवलं. त्यांच्या जागी सेनेगलचे मांदियाय निआंग आले, ज्यांच्यासमोर या खटल्यातला एकही साक्षीदार उभा राहिला नव्हता. रेकॉर्ड वाचायला वेळ लागला. मार्च २०१६ मध्ये शेशेल्य सर्व आरोपांतून सुटला. बहुतेक आरोपांवर निकाल दोन विरुद्ध एक होता. बहुमतात अध्यक्ष आंतोनेत्ती आणि निआंग. विरोधात लात्तांझी, ज्यांनी साक्षी ऐकल्या होत्या. २०१८ मध्ये अपिलात तो निकाल अंशतः फिरला आणि १० वर्षांची शिक्षा झाली, जी आधीच्या कोठडीत भरून गेली होती.

निआंग यांनी कर्तव्यात कसूर केली असं नाही, दिलेलं रेकॉर्ड त्यांनी वाचलं. पण दोन विरुद्ध एक असा निकाल असेल आणि त्या दोघांतल्या एकाने एकही साक्षीदार पाहिलेला नसेल, तर पीडितांना त्याबद्दल काय वाटलं असेल, ते मला कळतं.

मनमोकळा

थोडं अवांतर. न्यायाधीशांच्या मुदतीबद्दल आपण बोलतोय, पण तिथले कर्मचारीही मुदतीवरच होते. निकालांचे मसुदे करणारे तरुण वकील, भाषांतरकार. न्यायाधिकरण बंद होणार हे माहीत झाल्यावर ते पक्क्या नोकऱ्यांकडे जाऊ लागले. अध्यक्ष पॅट्रिक रॉबिन्सन यांनी सुरक्षा परिषदेपुढे हे वारंवार मांडलं, थांबणाऱ्यांना काही मोबदला द्या म्हणून. न्यायाधीशाला एक वर्ष वाढवून दिलं आणि पाच वर्षं ते रेकॉर्ड हाताळणारा सहायक निघून गेला, तर निकाल लांबतोच. दुसरी बाजू विचारत होते विलंब कशाने होतो, तर त्यातला बराच भाग इथे आहे.

शब्दशः

जुनी पानं, तुमच्या पहिल्या पोस्टमधली एक गोष्ट पुढे नेते. तुम्ही म्हणालात संविधीत ती ओळ नव्हती. पण ती ओळ हेगमध्येच, थोड्या अंतरावर, होती. आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या, म्हणजे देशादेशांतले वाद चालतात त्याच्या, संविधीत कलम १३: बदली न्यायाधीश आले तरी जुन्यांनी सुरू केलेली प्रकरणं पुरी करायची. आणि ते वाक्य १९४५ चंही नाही, १९२० च्या स्थायी न्यायालयाच्या संविधीतून आलंय.

आता गंमत नाही, दुःख वाटावं अशी गोष्ट. युगोस्लाव्हिया न्यायाधिकरणाच्या संविधीत म्हटलंय की न्यायाधीशांच्या सेवेच्या अटी आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या न्यायाधीशांसारख्याच असतील. म्हणजे त्या दस्तऐवजाकडे बघूनच हे लिहिलं जात होतं. ते एक वाक्य उचललं असतं तर ११२६ लागला नसता, आणि पुढे खास एकेका न्यायाधीशाच्या नावाने काढावे लागलेले ठरावही लागले नसते. २००६ मध्ये क्रायिश्निक खटल्यासाठी स्पेनच्या कानिव्हेल यांच्या एकट्यासाठी ठराव काढावा लागला होता, कारण तात्पुरत्या न्यायाधीशांना एकूण तीन वर्षांची मर्यादा होती आणि खटला तेवढ्यात बसत नव्हता.

लेखणी

हे मला माहीत नव्हतं, आणि वाचून खरंच अस्वस्थ झाले. देशांच्या सीमेच्या वादात न्यायाधीश बदलू नये म्हणून १९२० मध्ये काळजी घेतली, आणि ज्या खटल्यांत माणसं येऊन आपल्या मुलांचे मृत्यू सांगणार होती तिथे ती घेतली नाही.

दुसरी बाजू

घाईत उभं केलं होतं ते न्यायाधिकरण. मे १९९३ मध्ये ठराव झाला तेव्हा युद्ध चालू होतं. न्यायालय खरोखर चालेल, कुणी पकडलं जाईल, यावरच तेव्हा लोकांचा विश्वास नव्हता. खटला चार वर्षांपलीकडे जाईल हा विचार कोण करणार? शेवटी १६१ आरोपी, साडेचार हजारांहून जास्त साक्षीदार आणि १०,८०० दिवसांच्या सुनावण्या झाल्या. म्हणून मी त्यांना दोष देणार नाही. पण यापुढे कुठल्याही नव्या न्यायाधिकरणाची संविधी लिहिताना ही ओळ राहिली, तर मात्र क्षमा नाही.

काठावरचा

शब्दशः, ओडिओ बेनितो पुढे काय करतात काही माहीत आहे का? इतक्या वेळा नाव आलं म्हणून विचारलं.

शब्दशः

लुबांगानंतर त्या आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात निवडून आल्या, सान होसेत, म्हणजे त्यांच्याच देशात. २०१६ ते २०२१. शेवटची दोन वर्षं अध्यक्ष होत्या. आणि त्या न्यायालयाच्या करारातलं कलम ५४ काढून बघा: मुदत संपली तरी जी प्रकरणं ऐकायला घेतली आहेत आणि प्रलंबित आहेत, त्यांत न्यायाधीश काम करत राहतील, नवे निवडलेले त्यांची जागा घेणार नाहीत.

जुनी पानं

आत्ता काढून वाचलं. १९६९ चा करार आहे.